दाब, प्रवाह आणि रोध : एका गीझरचे गणित

बंगळूरच्या कोरमंगला भागातील मराठी घरात वीजपुरवठा खंडित झाला की ‘लाइट गेली’ असे म्हणतात. शेजारचे कन्नड घर ‘करेंट होयितु’ म्हणते. एका भाषेने विजेला प्रकाशाचे नाव दिले, दुसरीने प्रवाहाचे. दाबाचा उल्लेख मात्र दोन्हींत नाही. वस्तुतः दाब आणि प्रवाह ही दोन्ही परिमाणे एकत्र ज्ञात असल्याशिवाय कोणत्याही उपकरणाविषयी फारसे काही सांगता येत नाही.

व्होल्टमधील दाबास अँपिअरमधील प्रवाहाने भागिले असता ओहममध्ये रोध मिळतो. गुणिले असता वॅटमध्ये शक्ती. यांपैकी पहिला संबंध गेऑर्ग ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने १८२७ मध्ये प्रसिद्ध केला. न्हाणीघरातील गीझर २३० व्होल्ट दाबावर ८.७ अँपिअर प्रवाह घेत असेल, तर त्याचा रोध सुमारे २६.४ ओहम व शक्ती सुमारे २,००० वॅट होय. नामपट्टीवरील २,००० हा आकडा मात्र २३० व्होल्टपुरताच खरा. दाब २०० व्होल्टवर उतरला तरी रोध जवळजवळ तोच राहतो, प्रवाह ७.६ अँपिअरपर्यंत घटतो आणि शक्ती सुमारे १,५१० वॅट उरते. दाब १३ टक्क्यांनी उतरला, शक्ती २४ टक्क्यांनी! दाबाबरोबर प्रवाहही घटतो आणि शक्ती हा त्या दोहोंचा गुणाकार असतो, हे त्याचे कारण. (पंख्यासारख्या चलित्राच्या बाबतीत या गुणाकारास शक्तिगुणकानेही गुणावे लागते; गीझरला ती अडचण नाही.)

वाहक तारेलाही रोध असतोच. तीत वाया जाणारी शक्ती ही प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध इतकी असते. १९०२ मध्ये कावेरीवरील शिवनसमुद्र येथील वीज सुमारे १५० किलोमीटर दूर कोलारच्या सोन्याच्या खाणींना पोहोचविण्यात आली, ती सुमारे ३०,००० व्होल्ट दाबाने. १९०५ मध्ये बंगळूरलाही तीच वीज मिळाली. तेवढीच शक्ती त्याच तारांतून २३० व्होल्ट दाबाने पाठवू म्हटले, तर प्रवाह १३० पट आणि नाश सुमारे १७,००० पट झाला असता. म्हणजे काहीच पोहोचले नसते.

हाच वर्गाचा नियम घरातील प्लगमध्ये गुपचूप काम करीत असतो. सॉकेटमधील पकड सैल होऊन तेथे केवळ अर्धा ओहम रोध निर्माण झाला, तर गीझरचा प्रवाह ८.५ अँपिअर होतो. पाणी तापण्यात फरक जाणवत नाही. परंतु त्या चिमुकल्या सांध्यात ८.५ चा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे सुमारे ३६ वॅट उष्णता साठू लागते. डाग देण्याची लहान विद्युत् कातणी २५ वॅटची असते, हे लक्षात घेतले म्हणजे प्लास्टिक का वितळते ते कळते. फ्यूज येथे निरुपयोगी ठरतो, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. टेस्टरही फसवितो : त्यातून जाणारा प्रवाह इतका अल्प असतो की सैल सांध्यावर दाब जवळजवळ खर्चच होत नाही आणि दिवा लख्ख लागतो. म्हणून परीक्षा गीझर चालू असताना, पूर्ण प्रवाह वाहत असतानाच करावी : सॉकेटच्या दोन टोकांवरील दाब भिंतीतील पुरवठ्यापेक्षा चार व्होल्टांनी कमी भरला, तर चारास साडेआठांनी भागून तो अर्ध्या ओहमचा चोर सापडतो. हे मोजमाप तारतंत्र्याकडूनच करून घ्यावे. घरच्या माणसाने गीझर बंद करून, कोरड्या हाताने प्लगच्या पाठीला स्पर्श करून पाहिले तरी पुरे. तो कढत लागला तर सॉकेट बदलेपर्यंत तेथे गीझर लावू नये.