मोहरम आणि अधिक मास

६ जुलै २०२५ रोजी आषाढी एकादशी होती आणि त्याच दिवशी भारतात मोहरमची दहावी तारीख, म्हणजे आशुराही होता. पंढरपुरात टाळ-मृदंग आणि गावोगावी ताबूत, असा हा दिवस. याला योगायोग म्हणून सोडून देता येईल, पण तो निव्वळ योगायोग नाही. इस्लामी महिना अमावास्येनंतरची पहिली चंद्रकोर दिसली की सुरू होतो. त्यामुळे त्याची दहावी तारीख कुठल्याही वर्षी शुद्ध एकादशीच्या आगेमागेच येते. प्रश्न एवढाच, की ती कोणत्या महिन्याची एकादशी.

त्याच्या पुढच्या वर्षी ही जोडी फुटते. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आहे. त्यामुळे आषाढी पुढे सरकून २५ जुलैला जाते, आणि आशुरा मात्र दहा-अकरा दिवस मागे येऊन जूनच्या अखेरीस पडतो. चंद्र एकच, पण आपण तेरावा महिना घालून त्याला सूर्याच्या वर्षाशी जुळवून घेतो आणि इस्लामी पंचांग तसे करीत नाही. का करीत नाही, या प्रश्नाच्या उत्तरातच मोहरमचे धार्मिक महत्त्व दडलेले आहे, असे मला वाटते.

‘मुहर्रम’ या अरबी शब्दाचा अर्थ निषिद्ध केलेला, म्हणून पवित्र. ‘हराम’ आणि ‘हरम’ हे आपल्या ओळखीचे शब्द त्याच धातूचे. निषिद्ध काय, तर युद्ध. अरबस्तानात इस्लामपूर्व काळापासून चार महिने असे पाळले जात : जिल्काद, जिल्हेज आणि मोहरम हे लागोपाठचे तीन, आणि एकटा पडलेला रजब. या काळात टोळ्यांनी शस्त्र म्यान करायचे, यात्रेकरूंनी निर्धास्तपणे मक्केला जायचे आणि घरी परतायचे. मोहरम हा त्यातला परतीचा महिना.

पण लुटीवर आणि वैरावर जगणाऱ्या टोळ्यांना सलग तीन महिने स्वस्थ बसणे जड जाई. त्यावर त्यांनी काढलेली तोड म्हणजे ‘नसी’, अर्थात पुढे ढकलणे. परंपरा सांगते, की किनाना टोळीतला एक अधिकारी पुरुष हजच्या मेळ्यात उभा राहून जाहीर करी, की यंदा मोहरमऐवजी पुढचा सफर महिना पवित्र धरावा. मग मोहरमात लढाई करायला मोकळीक मिळे आणि ‘चार महिने पाळले’ हा हिशेबही पुरा होई. ‘नसी’चा दुसरा अर्थ अधिक मास घालणे असाही लावतात. ही युक्ती अरबांनी ज्यूंकडून उचलली, असे अल्बेरुनीने लिहून ठेवले आहे.

कुराणाच्या नवव्या सूरेत, ‘तौबा’मध्ये, ३६ आणि ३७ या आयतींनी ही वाट बंद केली. महिने बारा, त्यांतले चार पवित्र, आणि ‘नसी’ हा अधर्मच. हिजरी १० मध्ये, म्हणजे इसवी सन ६३२ साली, पैगंबरांनी अखेरच्या हजच्या प्रवचनात याच गोष्टीची आठवण दिली. तेव्हापासून इस्लामी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे राहिले आणि साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येऊ लागले.

आपला अधिक मास सण ऋतूला बांधून ठेवतो, दिवाळी भर पावसाळ्यात येऊ देत नाही. शेतीवर जगणाऱ्या समाजाची ती गरज होती, आणि आपण त्या महिन्यालाही पुरुषोत्तम मास म्हणून पुण्याचे स्थान दिले. अरबस्तानात मात्र महिना सरकवण्याचा अधिकार माणसाच्या हाती राहिला, की निषेधच सोयीने सरकत होता. पंचांगातला बदल दोन्हीकडे सारखाच. त्यामागची चिंता अगदी निराळी.

हिजरी सन ठरवताना मोहरमला पहिले स्थान मिळाले ते खलीफा उमर यांच्या काळात. पैगंबर मदिनेला पोचले ते रबिलावल महिन्यात. पण सनाचा आरंभ त्या वर्षाच्या मोहरमपासून धरला गेला, कारण हज आटोपून लोक घरी परततात आणि नवे व्यवहार सुरू होतात तो हा महिना.

दहाव्या दिवसाला दोन आठवणी आहेत. पहिली कृतज्ञतेची. मदिनेतले ज्यू या दिवशी उपवास करीत, कारण मूसांची आणि त्यांच्या लोकांची फेरोच्या तावडीतून सुटका झाली ती याच दिवशी. पैगंबरांनीही हा रोजा धरला, असे हदीस सांगतात. पुढे रमजानचे रोजे अनिवार्य झाल्यावर आशुराचा रोजा ऐच्छिक राहिला. पुष्कळ सुन्नी घरांत तो आजही धरतात.

दुसरी आठवण करबलाची. हिजरी ६१, मोहरमची दहावी, १० ऑक्टोबर ६८०. यजीदची सत्ता मान्य करायला नकार देणारे पैगंबरांचे नातू इमाम हुसेन फुरात नदीजवळ आपल्या मोजक्या साथीदारांसह मारले गेले. परंपरा ही संख्या ७२ सांगते. त्याआधी तीन दिवस त्यांचे पाणी तोडले होते. मोहरमात रस्तोरस्ती पाण्याच्या आणि सरबताच्या सबिली लागतात त्या या तहानेसाठी. पैगंबरांच्या त्या प्रवचनाला जेमतेम ४८ वर्षे झाली होती. ज्या महिन्यात शत्रूवरही शस्त्र उगारायचे नाही, त्याच महिन्यात त्यांच्या घरातली माणसे कापली गेली. शिया परंपरेत हा महिना शोकाचा झाला. त्या शोकाची धार मला महिन्याच्या नावातूनच अधिक कळते.

दख्खनमध्ये हा शोक लवकर रुजला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने सोळाव्या शतकात शाह ताहिर यांच्या प्रभावाने शिया पंथ स्वीकारला. पण मराठी मुलखातला मोहरम दरबारापुरता राहिला नाही. पंजे, नालसाहेब, सवाऱ्या, नवसाचे फकीर, चोंगे आणि मलिदा यांत गावचा पाटील आणि बलुतेदारही होते. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंच ताबूत आजही हिंदू-मुसलमान मिळून उठवतात. १८९३च्या मुंबईच्या दंगलीनंतर आणि सार्वजनिक गणेशोत्सवाच्या उभारणीनंतर अनेक शहरांत हिंदूंचा मोहरमातला सहभाग आटला, हेही आपल्या इतिहासातच नोंदलेले आहे.

हे महिने आपल्या दप्तरांतही मुरलेले आहेत. मोडी कागद वाचताना मला पानोपानी ‘छ’ भेटतो. छ म्हणजे चंद्र. ‘छ १० मोहरम’ म्हणजे मोहरमचा दहावा चंद्र. हे मराठे कारकुनांचे रोजचे लिहिणे. गंमत अशी, की त्याच कागदावरचा शुहूर सन मात्र मृग नक्षत्रापासून सुरू होणारा, सूर्याचा. कारण सारा पिकावर घ्यायचा असतो. धर्माला चंद्र आणि साऱ्याला सूर्य, अशी ही वाटणी. तिच्यापायी एका शुहूर वर्षात एखाद्या महिन्याच्या त्याच तारखा दोनदाही येतात, आणि कागद वर्षाच्या आरंभीचा की अखेरचा हे ठरवताना मोडक आणि खरे यांच्या जंत्र्या समोर असूनही घाम फुटतो.

मोहरम लागला की अलीकडे शुभेच्छांचे संदेश फिरू लागतात. पहिल्या तारखेला ‘नवे हिजरी वर्ष सुखाचे जावो’ म्हणणे अनेकांना चालते. दहाव्या तारखेला ‘मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा’ म्हणणे शोकाच्या घरी पेढे नेण्यासारखे आहे. त्या दिवशी सबिलीवर थांबून पेलाभर पाणी घ्यावे, एवढे पुरे. ते कधी मेच्या उन्हात घ्यावे लागेल, कधी जानेवारीच्या थंडीत, कधी भर पावसात. हा महिना कुणाच्या सोयीने थांबत नाही, आणि थांबू नये यासाठीच तेरावा महिना त्याला नाकारलेला आहे.