जादूची कादंबरी वर्गात वाचताना

आपल्या भागात 'जादू' हा शब्द उच्चारताच पुष्कळांच्या मनात भानामती उभी राहते. अंगावर उठणारे व्रण, आपोआप पेटणारी लुगडी आणि पाठोपाठ पैसे उकळावयास येणारा मांत्रिक, हे मराठवाड्याने पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. चमत्काराचा दावा करून लोकांस फसविणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला. तेव्हा जादूची कादंबरी मुलांपुढे वाचावी काय, ही शिक्षकबंधु-भगिनींची शंका रास्त होय.

तिचे उत्तर कादंबरी वाचल्यावाचून मिळावयाचे नाही. जे. के. रोलिंग या ब्रिटिश लेखिकेची १९९७ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी मराठीत 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावाने आली आहे. परीस आपल्या मुलांस संतवाणीतून ठाऊक असतो, त्यामुळे निम्मे अंतर तेथेच तुटते. मावशीच्या घरी जिन्याखालच्या कपाटात निजणाऱ्या पोरक्या हॅरीस अकराव्या वाढदिवशी कळते की, आपण जादूगार आहोत. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात नऊ व दहा या फलाटांमधील कठड्यातून आरपार गेले की पावणेदहावा फलाट लागतो! स्थानक नेहमीचे, गर्दी नेहमीची, सामानाच्या ढकलगाड्याही त्याच. म्हणूनच कठडा वाट देतो तेव्हा अंगावर रोमांच उभे राहतात.

या कादंबरीत जादू शिकावी लागते. पाठ्यपुस्तके आहेत, गृहपाठ आहे, परीक्षाही सुटलेली नाही. पीस हवेत उचलावयाचे तर मंत्राचा उच्चार बिनचूक हवा. तो चुकविणाऱ्या सोबत्यास टोकणारी हर्मायनी ही दंतवैद्य मातापित्यांची कन्या. घरात जादूचा वारसा नाही, सारे अभ्यासाने मिळविलेले. मांत्रिक विद्या झाकून ठेवतो व भीतीवर पोट भरतो. पावणेदहावा फलाट मात्र कोणी खरा मानावा अशी लेखिकेची अपेक्षा नाही आणि त्याबद्दल कोणी दक्षिणाही मागत नाही. हा भेद शिक्षकाने स्वतःच्या मनात पक्का करावा. पानोपानी थांबून "हे खरे नव्हे हो" असे बजावीत बसू नये. मुले तेवढी भोळी नसतात.

पाचवीपासून पुढील वर्गांस रोज पंधरा मिनिटे मोठ्याने वाचून दाखवावे. पहिले प्रकरण संथ आहे, ते धीराने काढावे. मग मुलांस आपल्याकडे वळवावे. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. सतरावा असता तर कोणत्या दुकानामागून निघाला असता? लिहिताना दुकानातील माल, वास, गिऱ्हाइकांचा कलकलाट नेमका उतरवावयास सांगावे. जादू शेवटच्या ओळीत आली तरी पुरे.

एका प्रकरणाविषयी मात्र सावध असावे. मनातील उत्कट इच्छा दाखविणाऱ्या आरशात हॅरीस आपले दिवंगत आईवडील दिसतात आणि तो रात्रीमागून रात्र त्यापुढे जाऊन बसतो. शेवटी मुख्याध्यापक त्यास हळुवारपणे तेथून परत वळवितात. वर्गात पितृछत्र किंवा मातृछत्र हरपलेले मूल असेल, तर हे प्रकरण आधी एकट्याने वाचून घ्यावे. वर्गात वाचून झाल्यावर त्या दिवशी प्रश्न विचारू नयेत.