कॉलेजांतील बँड आणि पुढारीपणाचें शिक्षण

स्वातंत्र्यदिनाच्या अथवा प्रजासत्ताकदिनाच्या सकाळीं जळगांवांत किंवा धुळ्यांत संचलन पाहावयास जे उभे राहतात, त्यांची नजर प्रथम जाते ती बँडच्या पुढें चालणाऱ्या दंडधारी विद्यार्थ्याकडे. पोशाख कडक, मान ताठ, हातांतील दंडाची हालचाल ऐटदार. पाहणाऱ्यांत एखादी माता असली तर तिच्या मनांत सहज येतें कीं, आपल्या मुलानेंही असेंच सर्वांच्या पुढें चालावें. ही इच्छा स्वाभाविक आहे, व ती वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्याच बँडांत पोटावर मोठा ढोल बांधून मागें चालणाऱ्या मुलाकडे सहसा कोणी पाहत नाहीं. पुढारीपण म्हणजे काय याचा विचार करतांना या दुसऱ्या मुलापासून आरंभ करणें आमच्या मतें अधिक फलदायी होईल.

आपल्याकडे कवायत आणि बँड हीं दोन्ही पलटणींबरोबर आलीं. खान्देशापुरतें बोलावयाचें तर 1825 सालीं जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानें भिल्लांची पलटण उभारली, व तिचें ठाणें धरणगांवीं होतें. ज्या लोकांना सरकार केवळ लुटारू समजे, त्यांच्या वस्तींत जाऊन, त्यांच्याबरोबर शिकार करून त्यानें आधीं त्यांचा विश्वास संपादन केला आणि मग त्यांच्या हातीं बंदुका दिल्या. त्याचा हेतु परकी राज्य स्थिर करण्याचा होता, हें विसरून चालणार नाहीं. तथापि हुकुमाच्या आधीं सहवास लागतो, ही गोष्ट त्या हकीकतींतून स्पष्ट दिसते.

विद्यार्थ्यांच्या लष्करी शिक्षणास आपल्या देशांत 1917 सालीं विद्यापीठांतील तुकड्यांपासून सुरुवात झाली. पुढें 1920 सालीं त्यांस नवें रूप मिळालें. स्वातंत्र्यानंतर 1948 च्या कायद्यानें आजची एन्. सी. सी. अस्तित्वांत आली, आणि 1949 सालीं मुलींचा विभाग निघाला. इकडे खान्देशांत जळगांवचें मूळजी जेठा महाविद्यालय व अमळनेरचें प्रताप महाविद्यालय हीं 1944-45 च्या सुमारास निघालीं. त्यापूर्वीं उच्च शिक्षणासाठीं येथील मुलास बहुधा पुणें किंवा मुंबई गांठावी लागे. आज एन्. सी. सी. ची 18 वी महाराष्ट्र बटालियन जळगांवीं, 48 वी धुळ्यास व 49 वी अमळनेरास आहे. शेतकऱ्याचा, वकिलाचा, गिरणी-कामगाराचा आणि भिक्षुकाचा मुलगा एकाच रांगेंत एकाच ठोक्यावर पाऊल टाकतो, असा प्रसंग आपल्या समाजांत फार थोड्या ठिकाणीं येतो.

आतां बँड चालतो कसा तें पाहूं. पलटणीच्या तेज चालींत मिनिटास सुमारें 120 पावलें पडतात व प्रत्येक पाऊल 30 इंचांचें असतें. म्हणजे एका मिनिटांत बरोबर 100 यार्ड अंतर तोडलें जातें. मोठ्या ढोलाचा जोरकस ठोका डाव्या पायावर पडतो. लहान ताशे, म्हणजे ज्यांस मुलें साइड ड्रम म्हणतात ते, त्या ठोक्यांमधील जागा भरून काढतात; झांजा त्यास धार आणतात; बिगुल वर सूर धरतात. दंडधारी, म्हणजे ड्रम मेजर, स्वतः कांहींच वाजवीत नाहीं. त्यानें दंड उचलला कीं सुरुवात, खालीं आणला कीं शेवट. त्यांतही त्याची पाठ आपल्या सोबत्यांकडे असते, त्यामुळें त्यांच्यापैकीं कोणीही त्याला दिसत नाहीं. मागें काय चाललें आहे हें त्यानें केवळ कानांनीं ओळखावयाचें. सबब ज्याचे कान चांगले नाहींत त्यानें पुढें चालूं नये, हा या कलेंतील पहिला नियम होय.

हा नियम आम्हांस एका प्रसंगानें शिकविला. 1962 च्या चिनी आक्रमणानंतर 1963 पासून 1968 पर्यंत कॉलेजांतील मुलांना एन्. सी. सी. सक्तीची होती. 1965 सालीं आम्ही खान्देशांतील एका महाविद्यालयांत पहिल्या वर्षांत होतों, आणि रायफलीपेक्षां ताशा बरा या विचारानें बँडांत शिरलों. आमचा ड्रम मेजर शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी होता. उंच, देखणा, आवाज खणखणीत. मात्र नव्या मुलांकडून बुटांना पॉलिश करून घेणें व पाणी आणविणें हा तो आपला हक्क समजे. मोठा ढोल जड, म्हणून तो कोणी घेईना. अखेर तो एका खेड्यांतून आलेल्या वसतिगृहांतील मुलाच्या गळ्यांत पडला. त्याचे काका लग्नसराईंत वाजंत्र्यांबरोबर ढोल वाजवीत, असें कळल्यावर तर त्याची थट्टाच सुरू झाली. तो अहिराणी बोले. त्याचेंही हसें होई.

डिसेंबरांत सरावाच्या वेळीं बँडमागें सुमारें 180 कॅडेट तीन-तीनांच्या रांगांनीं चालत होते. पुढच्या तुकडीचा पाय ठोक्यावर पडे. शेवटच्या तुकडीचा मात्र कांहीं केल्या जुळेना. ड्रम मेजर थांबला, मागें वळला आणि सर्वांदेखत ढोलवाल्यास नाहीं नाहीं तें बोलला. त्या मुलानें खालमानेनें ऐकून घेतलें, आणि मग अगदीं शांतपणें म्हणाला, "दादा, मन्हा हात चुकत नही, तुन्हा कान चुकस." क्षणभर सर्व मैदान स्तब्ध झालें. मुलानें ढोल उतरवून जमिनीवर ठेवला आणि तो वसतिगृहाकडे चालता झाला.

आमचे कवायत शिकविणारे निवृत्त हवालदार, ज्यांस आम्ही उस्ताद म्हणत असूं, बाजूला उभे राहून हें पाहत होते. त्यांनीं कोणासही रागें भरलें नाहीं. त्यांनीं शेवटच्या तुकडीपर्यंतचें अंतर पावलांनीं मोजावयास लावलें; तें सुमारें 90 यार्ड, म्हणजे 80 मीटरांहून थोडें अधिक भरलें. ध्वनि एका सेकंदांत सुमारें 340 मीटर जातो. तेव्हां ढोलाचा ठोका शेवटच्या रांगेस पाव सेकंद उशिरा ऐकूं जाणार. दोन पावलांमधील वेळ अवघा अर्धा सेकंद. म्हणजे पुढच्याचें पाऊल पडतें तेव्हां मागच्याचें नेमकें अर्ध्यावर, हवेंत असतें. शेवटची रांग बिचारी जें ऐकत होती त्याप्रमाणें बरोबरच चालत होती, आणि ढोलवालाही बरोबरच वाजवीत होता. दोष कोणाच्याच अंगीं नव्हता, तो अंतराचा होता. उस्तादांनीं उपाय सांगितला तो साधा होता: बँड रांगेच्या मध्यावर आणावा, म्हणजे दोन्ही टोकांस अंतर निम्मेंच राहील, आणि प्रत्येक तुकडीनें ठोक्याबरोबर पुढच्याच्या पायाकडेही नजर ठेवावी.

त्या संध्याकाळीं ड्रम मेजर एकटाच वसतिगृहावर गेला. तेथें काय बोलणें झालें हें आम्हांस कळलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सरावापूर्वीं त्यानें सर्वांसमोर, "काल चूक माझी होती," एवढेच शब्द उच्चारले, आणि पूर्ण एक फेरी मोठा ढोल स्वतःच्या गळ्यांत अडकवून चालला. फेरी संपली तेव्हां त्याच्या खांद्यावर पट्ट्याचा वळ उमटला होता. त्यानंतर बुटांचें पॉलिश ज्याचें त्यानें करावयाचें, असा प्रघात पडला. त्यासाठीं वेगळा हुकूम काढावा लागला नाहीं.

येथवरची गोष्ट कॉलेजांतली झाली. परंतु तिचा दुसरा अर्धा भाग आमच्या घरांतला आहे, व तो सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं. आम्ही सरावासाठीं ताशा घरीं आणला तेव्हां वडिलांच्या कपाळास आठी पडली. "शिकावयास पाठविलें कीं वाजंत्री व्हावयास?" असें ते म्हणाले. आजीनें तर चामड्याचें वाद्य ओसरीच्या आंत येऊं दिलें नाहीं. आमच्यासारख्या घरांत तबला चाले, मृदंग तर देवापुढेंच वाजे. आणि त्यांवरही चामडेंच असतें! मग ढोलताशाचा विटाळ कसला? तो वाद्याचा नव्हता. पिढ्यान् पिढ्या जे लोक तें वाजवीत आले, ज्यांच्यावांचून आपल्या घरचें एकही लग्न लागलें नाहीं आणि ज्यांचें पान मात्र नेहमीं मांडवाबाहेर वाढलें गेलें, त्यांचा तो होता. कॉलेजांत ढोलवाल्याची थट्टा करणाऱ्यांत आम्हीही होतों. ती थट्टा आम्ही घरूनच शिकून गेलों होतों, हें कबूल करावयास आम्हांस बरींच वर्षें लागलीं.

त्या संक्रांतीस तो मुलगा आमच्या घरीं आला. वडिलांनीं त्याला त्याच्या गांवच्या कपाशीबद्दल विचारलें. आजी दाराआडून पाहत होती. थोड्या वेळानें बाहेर येऊन तिनें आपण होऊन त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. याहून मोठें कांहीं घडलें नाहीं. मात्र ताशा ओसरीवर ठेवण्याबद्दल त्या दिवसानंतर घरांत कोणी बोललें नाहीं.

सेवेंतून पुढारीपण कसें उभें राहतें याचा थोर दाखला खान्देशाच्याच भूमींत घडलेला आहे. साने गुरुजी 1924 पासून 1930 पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते व तेथील छात्रालय सांभाळीत. मुलांच्या खोल्या झाडणें, त्यांचीं अस्ताव्यस्त अंथरुणें आवरणें हीं कामें ते न बोलतां स्वतः करीत. मुलें ओशाळून आपोआप शिस्तींत येत. पुढें 1932 सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं दर रविवारीं गीतेवर प्रवचनें दिलीं, तीं लिहून घेण्याचें काम गुरुजींनींच केलें. ज्यांच्या शब्दानें सहस्रावधि तरुण पेटून उठत, त्यांनीं दुसऱ्याच्या पायाशीं बसून त्याचे शब्द टिपण्यांत धन्यता मानली. दुसऱ्या रांगेंत बसतां येणें ही पहिल्या रांगेची पात्रता होय.

वाद्यपथकानें पोरक्या मुलांस घर दिल्याचें उदाहरणही आपल्या देशांत आहे. 1918 च्या सुमारास मैहर संस्थानांत उस्ताद अल्लाउद्दीन खां यांनीं अनाथ मुलें गोळा करून त्यांचा बँड तयार केला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांतून स्वर काढणारें नळतरंग हें वाद्यही त्यांनीं घडविलें. ज्यांचें कोणी नव्हतें त्यांस एकमेकांचा सूर सांभाळण्याचें काम मिळालें, आणि त्यांतून तीं एकमेकांचीं झालीं.

परंतु या नाण्यास दुसरी बाजू आहे, व ती पालकांनीं जाणून असावी. अमेरिकेंत कॉलेजच्या बँडास मोठी प्रतिष्ठा आहे. तेथील फ्लॉरिडा ए अँड एम विद्यापीठाचा बँड तर जगप्रसिद्ध. नोव्हेंबर 2011 मध्यें त्याच बँडच्या एका ड्रम मेजरचा त्याच्या सोबत्यांनीं बसमध्यें केलेल्या मारहाणींत अंत झाला. ती मारहाण वैरानें झालेली नव्हती. 'आपल्यांतला' होण्यासाठीं प्रत्येकानें सोसावयाची ती एक रूढि होती! विद्यापीठानें बँड बंद ठेवला. तो 2013 सालीं पुन्हा सुरू झाला. आपल्याकडेही वसतिगृहांतील छळ इतका वाढला होता कीं, महाराष्ट्र सरकारास 1999 सालीं त्याविरुद्ध कायदा करावा लागला. आपलेपणा मिळविण्यासाठीं जेथें अपमान सोसावा लागतो, तेथें आपलेपणा नसतो. तेथें केवळ भय असतें, आणि भय भोगलेला मुलगा पुढच्या वर्षीं तेंच दुसऱ्यास देतो. बुटाच्या पॉलिशपासून त्या बसपर्यंतचा रस्ता आपणांस वाटतो तितका लांब नाहीं.

तेव्हां आमचें पालकांस एवढेंच सांगणें आहे. मुलगा अथवा मुलगी बँडांत, लेझिमीच्या पथकांत किंवा अशाच कोणत्याही मेळांत जात असेल तर जाऊं द्यावें. अभ्यास बुडेल या भीतीनें अडवूं नये. घरीं आल्यावर मात्र "तुझा नंबर कितवा?" किंवा "पुढें कोण चालतो?" असें विचारण्याऐवजीं, "तुमच्यांत ढोल कोण वाजवितो? त्याचें गांव कोणतें? तो जेवतो कोठें?" असें विचारावें. या प्रश्नांचीं उत्तरें ज्याला देतां येतील, तो मुलगा आज ना उद्यां पुढें चालण्यास योग्य होईल. ज्याला देतां येणार नाहींत, त्याच्या हातीं दंड आला तरी ती केवळ शोभेची काठी समजावी.

आमच्या त्या ढोलवाल्याचें पुढें काय झालें, असें वाचक विचारतील. ड्रम मेजर पदवी घेऊन गेला. जातांना त्यानें आपल्या जागीं त्याचेंच नांव सुचविलें. उस्तादांनीं दंड त्याच्या पुढें केला. त्यानें तो हातांत घेऊन पाहिला, हंसला, आणि परत देत म्हणाला, "मंग ढोल कोन धरी?" तें वर्ष त्यानें ढोलच वाजविला, पण त्या वर्षांत दोन नव्या मुलांस त्यानें ढोल शिकवून तयार केलें. त्यानंतरच्या वर्षीं त्यानें दंड घेतला. 26 जानेवारीस तो सर्वांच्या पुढें चालला तेव्हां आम्ही दुसऱ्या रांगेंत ताशा वाजवीत होतों. त्यानें एकदांही मागें वळून पाहिलें नाहीं. त्याला तशी गरजच नव्हती.