प्लेटलेट पुरेशा, तरी रक्त थांबत नाही

डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या मोठ्या आतड्यातला पॉलिप काढायचा ठरला की घरचे आधी रक्ताचा रिपोर्ट उघडतात. प्लेटलेट दोन लाख, रक्त गोठण्याचा वेळ दाखवणारा आयएनआर 1. मग काळजी कसली? हा समज फार पसरलेला आहे आणि तोच सर्वांत धोक्याचा आहे. रिपोर्टमध्ये प्लेटलेटची संख्या कळते, त्यांचं काम कळत नाही. मूत्रपिंड निकामी झाल्यावर रक्तात साठणाऱ्या विषारी द्रव्यांमुळे प्लेटलेट एकमेकींना आणि जखमेच्या काठाला नीट चिकटत नाहीत. त्यात भर पडते रक्तक्षयाची. तांबड्या पेशी भरपूर असतात तेव्हा त्या प्रवाहाच्या मध्यातून वाहतात आणि प्लेटलेटना रक्तवाहिनीच्या भिंतीकडे, म्हणजे जिथे गरज असते तिथे, ढकलतात. हिमोग्लोबिन उतरलं की हा रेटाच कमी होतो. म्हणून अशा रुग्णाचा रक्तक्षय आधी सुधारणं हा रक्तस्राव टाळण्याचाच उपाय आहे, नुसता अशक्तपणावरचा नाही.

दुसरा समज असा की डायलिसिसमध्ये रक्त पातळ करतात, तेव्हा पॉलिप काढायच्या आधी एखादी पाळी चुकवलेली बरी. हे उलटं आहे. प्लेटलेटना निकामी करणारी द्रव्यं डायलिसिसनेच कमी होतात. पाळी चुकवली तर ती वाढतात. भीती असते ती हेपॅरिनची. यंत्राच्या नळ्यांमध्ये रक्त गोठू नये म्हणून ते देतात, पण त्याचा असर काही तासांत ओसरतो. त्यामुळे सहसा आदल्या दिवशी डायलिसिस आणि दुसऱ्या दिवशी कोलोनोस्कोपी अशी आखणी सोयीची ठरते. खरी चूक नंतर होते. पॉलिप तारेच्या फासात पकडून विजेच्या प्रवाहाने कापला असेल, तर त्या जागी भाजल्याची खपली धरते. ती काही दिवसांनी सुटते आणि रक्त तेव्हा येतं. कधी पाचव्या-सातव्या दिवशी, कधी दोन आठवड्यांनीही. तोवर रुग्ण ठरल्याप्रमाणे डायलिसिसच्या खुर्चीत जाऊन बसलेला असतो आणि पॉलिप काढल्याचं तिथे कुणाला माहीतच नसतं. नळ्या अधूनमधून सलाइनने धूत हेपॅरिनशिवाय डायलिसिस करता येतं. पण त्यासाठी तंत्रज्ञाला आधी सांगायला हवं.

यावर कुणी म्हणेल, एवढा धोका असेल तर पॉलिप राहू द्यावा. आक्षेप पोकळ नाही. पॉलिपचा कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात. वय खूप झालेलं आणि इतर आजार गंभीर असतील, तर तपासणीच न करण्याचा निर्णय योग्य असू शकतो. पण मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षेतल्या रुग्णाला हे लागू होत नाही. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायम घ्यायची असताना कॅन्सरची शक्यता आतड्यात ठेवून पुढे जाणं मला पटत नाही. शिवाय धोका पॉलिपच्या आकारावरही अवलंबून असतो. एक सेंटीमीटरपेक्षा लहान पॉलिप वीज न वापरता थंड फासाने कापतात, खपलीचा प्रश्नच राहत नाही. दोन सेंटीमीटरहून मोठा आणि आतड्याच्या उजव्या भागातला असेल, तर जखम क्लिपांनी बंद केल्यास नंतरचा रक्तस्राव कमी होतो, हे चाचण्यांत दिसलं आहे. गरज भासल्यास डेस्मोप्रेसिनचं इंजेक्शन प्लेटलेटचं काम काही तासांपुरतं सुधारतं. लागोपाठ दिलं की त्याचा गुण कमी होतो, म्हणून ते नेमक्या वेळेसाठी राखून ठेवतात.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करणं हाही धोकाच. हृदयात स्टेंट असेल तर अ‍ॅस्पिरिन बहुधा चालूच ठेवतात. डॅबिगाट्रान मुख्यतः मूत्रपिंडांतून बाहेर पडतं, त्यामुळे मूत्रपिंडं दुबळी असताना ते जास्त दिवस आधी थांबवावं लागतं. आणि रक्तक्षयासाठी घेतलेल्या लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होतेच, पण ती लाल किंवा गडद तांबडी झाली, किंवा चक्कर येऊन घाम फुटला, तर पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.