विश्लेषण : इंधन महागले की घरखर्च नेमका कुठे वाढतो? भाजीत, रिक्षात की सिलिंडरमध्ये?

पेट्रोल-डिझेलचे दर वाढले की भाजीवाल्यापासून शाळेच्या व्हॅनवाल्या काकांपर्यंत सगळ्यांकडे दरवाढीचे एकच कारण असते, ‘डिझेल किती वाढलंय बघा’. हे कारण खोटे नसते, पण प्रत्येक ठिकाणी ते सारखेच खरेही नसते. काही खर्चांत इंधनाचा वाटा पैशांत मोजण्याइतका असतो, तर काहींत शेकडो रुपयांचा. आणि एकदा वाढलेले काही खर्च इंधन स्वस्त झाल्यावरही खाली येत नाहीत. जानेवारी २०२१ ते २०२५ च्या मध्यापर्यंतचे मुंबई आणि परिसरातील दर घेऊन हा हिशेब समजून घेऊ.

पंपावरचा दर कसा ठरतो?

भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. त्यामुळे दराचा पहिला आकडा डॉलरमध्ये ठरतो. एका बॅरलमध्ये सुमारे १५९ लिटर तेल असते. कच्चे तेल बॅरलला ७० डॉलर आणि डॉलर ८६ रुपयांना असेल, तर एक लिटर कच्चे तेल साधारण ३८ रुपयांना पडते. बॅरलमागे एक डॉलर वाढला की लिटरमागे ५० ते ५५ पैशांचा फरक पडतो. तेलाचा भाव तोच राहून रुपया एक रुपयाने घसरला, तरी लिटरमागे ४० ते ४५ पैसे वाढतात.

यावर शुद्धीकरण, वाहतूक, तेल कंपनीचा नफा आणि पंपचालकाचे कमिशन चढते. त्यानंतर येतात कर. एप्रिल २०२५ पासून केंद्राचे उत्पादन शुल्क पेट्रोलवर लिटरला २१.९० रुपये आणि डिझेलवर १७.८० रुपये झाले. ही रक्कम लिटरमागे ठरलेली आहे, तेल स्वस्त झाले म्हणून ती आपोआप कमी होत नाही. राज्याचा व्हॅट त्यानंतर लागतो. मुंबईत जुलै २०२४ पासून पेट्रोलवर २५ टक्के आणि वर लिटरला ५.१२ रुपये असा दर लागू झाला. म्हणजे १०३.५० रुपयांच्या एका लिटर पेट्रोलमध्ये दोन्ही सरकारांचा वाटा ढोबळमानाने ४५ टक्के होतो. पेट्रोल आणि डिझेल जीएसटीच्या बाहेर असल्यामुळे प्रत्येक राज्यात दर वेगळा दिसतो.

कच्चे तेल स्वस्त झाले तरी पंपावर दर का उतरत नाही?

पेट्रोल जून २०१० मध्ये आणि डिझेल ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. १६ जून २०१७ पासून देशभर दर रोज बदलण्याची पद्धत आली. कागदावर ही पद्धत आजही आहे. प्रत्यक्षात ४ नोव्हेंबर २०२१ ते २१ मार्च २०२२ या काळात, पाच राज्यांच्या विधानसभा निवडणुकांच्या धामधुमीत, दर हललेच नाहीत. त्यानंतर ६ एप्रिलपर्यंतच्या अवघ्या १६ दिवसांत ते लिटरला दहा रुपयांनी वाढले. मुंबईत पेट्रोल १२०.५१ आणि डिझेल १०४.७७ रुपयांवर पोहोचले.

उलट बाजूही पाहू. २०२० मध्ये करोनाकाळात कच्चे तेल कोसळले, तेव्हा केंद्राने मे महिन्यात पेट्रोलवर दहा आणि डिझेलवर १३ रुपये शुल्क वाढवले. पंपावरचा दर त्यामुळे वाढला नाही, पण स्वस्ताईही ग्राहकापर्यंत आली नाही. एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा तेच झाले. तेल उतरले, शुल्क दोन रुपयांनी वाढले आणि पंपावरचा दर जागेवर राहिला. मधल्या काळात नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये केंद्राने, तर जुलै २०२२ मध्ये राज्याने कर कमी केले, हेही खरे. २०२२ च्या चढ्या भावात सरकारी तेल कंपन्यांनी दर रोखून धरले आणि तोटा सोसला. पुढे तेल उतरल्यावर दर फारसे न उतरवता २०२३-२४ मध्ये त्यांनी विक्रमी नफा कमावला.

याचा एक फायदाही होतो. १३ जून २०२५ रोजी इस्रायलने इराणवर हल्ला केला, तेव्हा एका दिवसात तेल सुमारे सात टक्क्यांनी भडकले. महिनाअखेरपर्यंत शस्त्रसंधी झाली आणि भाव उतरला. या सगळ्यात मुंबईतला पंपावरचा दर हलला नाही.

मग डिझेलमुळे भाजी किती महागते?

इथे थोडे गणित करू. समजा, दहा टन कांदा घेऊन एक ट्रक नाशिकहून वाशीच्या बाजार समितीत येतो. अंतर सुमारे १८० किलोमीटर. परतीचा प्रवास रिकामा धरला तर ३६० किलोमीटर. लिटरला साडेचार किलोमीटरचे ॲव्हरेज धरले तर ८० लिटर डिझेल लागते. डिझेल पाच रुपयांनी महागले, तर फेरीचा खर्च ४०० रुपयांनी वाढतो. हे ४०० रुपये दहा हजार किलोंवर वाटले, तर किलोमागे येतात ४ पैसे.

वाशीहून डोंबिवलीपर्यंत माल आणणाऱ्या टेम्पोचे आणि शेतापासूनच्या वाहतुकीचे मिळून आणखी चार-पाच पैसे धरू. एकूण झाले किलोला दहा पैशांच्या आत. डिझेलचे कारण सांगून पावशेरामागे पाच रुपये वाढले असतील, तर ती वाढ डिझेलची नाही.

भाजीचे भाव हलतात ते प्रामुख्याने आवक, पाऊस, साठवणूक आणि सरकारी धोरणामुळे. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किलोला शंभरी पार करून गेला, तेव्हा मुंबईत पेट्रोलचा दर वर्षभर १०६ रुपयांवर स्थिर होता. कांद्याच्या भावात ऑगस्ट २०२३ च्या ४० टक्के निर्यात शुल्काचा आणि त्या डिसेंबरमधील निर्यातबंदीचा परिणाम कोणत्याही डिझेलवाढीपेक्षा मोठा होता.

म्हणजे डिझेलवाढीचा फटका कुणालाच बसत नाही?

बसतो, पण बऱ्याचदा तो ग्राहकाआधी शेतकऱ्याला बसतो. वाशीला माल पाठवणाऱ्या शेतकऱ्याच्या पट्टीतून गाडीभाडे आणि हमाली वजा होते. भाव बाजारात ठरतो, तो भाडे वाढले म्हणून वाढत नाही. डिझेल महागले की ट्रॅक्टरने नांगरणी, रोटाव्हेटर आणि मळणीचे दरही वाढतात. कांदा दोन-तीन रुपये किलोने विकावा लागतो, तेव्हा भाड्यातले पैसेही त्याला जड जातात. शहरातल्या ग्राहकाला जे दहा पैसे जाणवत नाहीत, ते शेतकऱ्याच्या हातात उरणाऱ्या रकमेतून गेलेले असतात.

विटा, वाळू, सिमेंट अशा वजनाने जड आणि किलोला स्वस्त मालात वाहतुकीचा वाटा मोठा असतो. घर बांधणाऱ्याला किंवा दुरुस्ती काढणाऱ्याला डिझेलवाढ म्हणूनच लगेच कळते.

घरखर्चात मोठी वाढ कुठून येते?

डोंबिवलीतील एका चौकोनी कुटुंबाचे उदाहरण घेऊ. हे कुटुंब काल्पनिक आहे, दर मात्र खरे आहेत. घरात एक स्कूटर, महिन्याला १५ लिटर पेट्रोल. घरातील एक जण स्टेशनपर्यंत मीटरच्या रिक्षाने जातो-येतो, महिन्याला ५० फेऱ्या, सगळ्या किमान भाड्याच्या. महिन्याला एक गॅस सिलिंडर. भाजी, धान्य, दूध मिळून ६० किलो माल. जानेवारी २०२१ ते २०२५ च्या मध्यापर्यंत या कुटुंबाच्या मासिक खर्चात इतका फरक पडला :

- पेट्रोल : लिटरचा दर ९०.३४ वरून १०३.५० रुपये. वाढ सुमारे १९७ रुपये.
- रिक्षा : किमान भाडे १८ वरून २६ रुपये. ५० फेऱ्यांची वाढ ४०० रुपये.
- सिलिंडर : ६९४ वरून ८५२.५० रुपये. वाढ १५८.५० रुपये. मार्च २०२३ मध्ये हाच सिलिंडर ११०२.५० रुपयांवर गेला होता.
- भाजी, धान्य, दूध : डिझेल ८०.५१ वरून सुमारे ९० रुपये. वरच्या हिशेबाने किलोला साधारण २० पैसे, म्हणजे १२ रुपये. शेतीतले डिझेल आणि मधल्या व्यवहारांसाठी तिप्पट धरले तरी ३६ रुपये.

पहिल्या तीन ओळींची बेरीज ७५० रुपयांच्या वर जाते. चौथी ओळ त्यांच्या पासंगालाही पुरत नाही. किराणा आणि भाजी या काळात महागली, पण त्या वाढीतला इंधनाचा वाटा एवढाच. इंधनवाढ घरात शिरते ती प्रवासभाडे आणि सिलिंडरच्या वाटेने. महिना २० हजारांत घर चालवणाऱ्याला ७५० रुपये म्हणजे जवळपास एका दिवसाची कमाई.

इंधन उतरल्यावर भाडे का उतरत नाही?

या सगळ्या हिशेबात अडचणीची जागा हीच आहे. मुंबईतल्या बहुतेक रिक्षा सीएनजीवर चालतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये किमान भाडे २१ वरून २३ रुपये झाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये सीएनजी किलोला ८९.५० रुपयांवर होता. पुढे देशांतर्गत वायूच्या दराचे सूत्र एप्रिल २०२३ मध्ये बदलले आणि मार्च २०२४ पर्यंत सीएनजी ७३.५० रुपयांवर आला. म्हणजे १६ रुपयांची घट. भाडे मात्र २३ रुपयेच राहिले आणि १ फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये झाले.

एसटीचेही तसेच. ऑक्टोबर २०२१ मध्ये भाडे १७.१७ टक्क्यांनी वाढले, तेव्हा मुंबईत डिझेल शंभरीच्या वर होते. जानेवारी २०२५ मध्ये डिझेल ९० रुपयांच्या आसपास असताना भाडे पुन्हा १४.९५ टक्क्यांनी वाढले. दोन्ही वाढी धरल्या तर पूर्वीचे १०० रुपयांचे तिकीट सुमारे १३५ रुपयांचे झाले. मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट असल्याने अनेक घरांना याची झळ कमी बसली, हे नोंदवायला हवे.

रिक्षाचालकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. २०१५ मध्ये ठरलेले १८ रुपये भाडे जवळपास सहा वर्षे तसेच होते. त्या काळातली वाढ चालकांनी स्वतः सोसली. गाडीचे हप्ते, विमा, सुटे भाग आणि त्यांचे स्वतःचे घरभाडे सीएनजी उतरला म्हणून उतरत नाही. एसटीलाही पगार आणि नव्या गाड्यांचा खर्च आहेच. दरवाढ चुकीची होती, असा याचा अर्थ नाही. पण भाडे वर्षानुवर्षे गोठवायचे आणि मग एकदम वाढवायचे, यात आधी चालक आणि नंतर प्रवासी भरडला जातो.

कंपन्या यावर काय करतात?

मोठ्या कंपन्या मालवाहतुकीचा करार करताना त्यात डिझेलच्या दराशी जोडलेली अट घालतात. डिझेल ठरलेल्या मर्यादेपेक्षा वाढले तर भाडे वाढते, उतरले तर कमी होते. वाहतूकदाराचे नुकसान होत नाही आणि कंपनीचेही. सामान्य प्रवाशाच्या बाजूने अशी दोन्ही दिशांनी चालणारी अट नाही. मुंबई महानगरात रिक्षा-टॅक्सीचे भाडे ठरवणारे परिवहन प्राधिकरण दरवाढ मंजूर करते. इंधन उतरल्यावर भाडे किती उतरावे, याचा आढावा ठरावीक मुदतीने घेऊन जाहीर झाला, तर चालक आणि प्रवासी दोघांनाही पुढच्या महिन्याचा अंदाज येईल.

ग्राहकाने काय लक्षात ठेवावे?

दरवाढीचे कारण ‘डिझेल’ सांगितले गेले, की दोन प्रश्न विचारावेत. या सेवेच्या खर्चात इंधन किती आणि इंधन किती वाढले? शाळेची व्हॅन महिन्याला ६०० किलोमीटर चालते आणि लिटरला १२ किलोमीटर देते असे धरले, तर तिला ५० लिटर इंधन लागते. इंधन चार रुपयांनी वाढले तर गाडीचा महिन्याचा खर्च २०० रुपयांनी वाढतो. गाडीत दहा मुले असतील, तर प्रत्येकी २० रुपये. मागणी २०० रुपयांची असेल, तर उरलेले १८० कशाचे, हे पालकांनी मिळून विचारायला हरकत नाही. कदाचित विमा, दुरुस्ती किंवा चालकाचा पगार वाढला असेल, पण मग तसे सांगितले जावे. आणि वाढ मान्य करताना, इंधन उतरले तर भाडे किती कमी होणार, हेही त्याच बैठकीत लिहून घ्यावे.