पागोळीखाली काय लावाल?

संगमेश्वरात पाऊस स्थिरावला की पागोळ्यांखाली चर पडायला वेळ लागत नाही. पावसाचा टपोरा थेंब पाच मिलिमीटर व्यासाचा असतो आणि सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने आपटतो. त्या माऱ्याने सुटलेली तांबडी माती आधी पऱ्यात आणि मग शास्त्री नदीत जाते. परड्यात आंबा-फणस आहेत म्हणजे माती धरून राहील, असं आपण समजतो. ते अर्धंच खरं आहे. उंच झाडाच्या पानांवर बारीक थेंब एकत्र येऊन मोठे होतात आणि आठ-दहा मीटरवरून पडताना जवळजवळ पूर्ण वेग पुन्हा घेतात. थेंबाचा मार झेलायला जमिनीलगतची पानंच लागतात. म्हणून परड्यात पसरणारी झाडं हवीतच. कोणती, हा खरा प्रश्न.

नर्सरीत हमखास मिळतो तो पिवळ्या फुलांचा वेडेलिया. मूळचा मध्य व दक्षिण अमेरिकेकडचा. कांडी खोचली की लागते, वर्षभर हिरवी राहते. बियांवर तो फारसा अवलंबून नाही. जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेरातून मुळं फुटतात. खोड तुटलेलं नसेल, तर ओलाव्यातला भाग कोरड्या भागाला पाणी आणि अन्न पुरवत राहतो. त्यामुळे गडगा ओलांडून तो कातळावरही सरकतो. त्याच्यातली काही रसायनं आसपासच्या बियांची उगवणही रोखतात. घाणेरी आणि जलपर्णीच्या जोडीने हाही जगातल्या सर्वांत घातक १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे.

मला अधिक काळजी वाटते ती आपल्या पिवळ्या माक्याची. ओलसर जागी वाढणारा हा वेडेलियाचा देशी भाऊबंद. दक्षिण चीनमध्ये या दोघांचा संकर निसर्गात आढळला आहे. संकर वाढत गेला तर देशी जातीची ओळखच पुसट होते.

परड्यात वेडेलिया असेल तर भर पावसात उपटू नका. राहिलेलं प्रत्येक पेर पुन्हा रुजेल. उन्हाळ्यात जमीन थोडी भिजवून मुळांसकट ओढा आणि तापलेल्या कातळावर पसरून पार कडकडीत वाळवा. मोठा पट्टा असेल तर कापून वर काळं प्लास्टिक काही आठवडे अंथरा. उजेडाविना साठवलेलं अन्न संपतं. पावसाळ्यात मात्र नव्या फुटींवर सतत लक्ष हवं. काढलेला पाला पऱ्यात टाकायचा नाही, हे सगळ्यांत महत्त्वाचं. एका घरचा कचरा वाहत जाऊन खालच्या काठावर रुजतो.

त्या जागी सावलीत, ओलाव्यात कारिवणा लावा. उन्हातल्या ओलसर पट्ट्याला जलपिंपळी छान. शोभेचा भुईमूगही चालेल. तो ब्राझीलचा आहे, पण त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. उन्हाळ्यात त्याला शिंपणं लागतं.

ही झाडंही पसरणारच, पसरावीत म्हणूनच ती लावायची. वाफ्याभोवती हातभर रुंद मोकळा पट्टा ठेवा आणि तिथे आलेले धावते शेंडे पावसाळ्यात दर पंधरवड्याला छाटा. हरळी लावलीत, तर तिला एवढं पुरत नाही. तिची खोडं जमिनीखालूनही धावतात, म्हणून तिच्या बाजूला जांभ्याचे चिरे उभे, वीतभर खोल पुरावे लागतात.