संगीताची आवड : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

आमेरच्या गणेश पोल दरवाजातून आत शिरणारा मराठी रसिक पुष्कळदा अशी समजूत मनाशी धरून येतो की, ज्या जयपूर घराण्याच्या गायकीने आपल्या कानांस वळण लावले, ती याच महालांत जन्मली आणि जशीच्या तशी आपल्यापर्यंत येऊन पोहोचली. या समजुतीच्या मुळाशी, मनुष्याची अभिरुची जन्माने वा वयाने कायमची ठरून जाते, ही त्याहून व्यापक भ्रांती आहे. म्हणून दोहोंचा परामर्श एकत्रच घेणे उचित होईल.

गैरसमज : जयपूर गायकी आमेरच्या दरबारातच सिद्ध झाली.

वस्तुस्थिती : 1727 साली सवाई जयसिंगांनी जयपूर वसविले आणि कछवाह्यांची राजधानी आमेरहून तेथे हलली. कलावंतांची व्यवस्था पाहणारा ‘गुणिजनखाना’ हा त्या संस्थानाचा एक स्वतंत्र कारखानाच होता. परंतु ज्यांच्या नावाशी ही गायकी निगडित आहे, ते अल्लादियाखाँ 1855 साली जयपूरच्या अंमलाखालील उणियारा येथे जन्मले, चुलते जहांगीरखाँ यांच्याकडे शिकले, आणि अतिगायनाने मूळचा आवाज गेल्यावर, उरलेल्या आवाजास पेलेल अशी नवी, लयीच्या बांधणीवर उभी राहणारी गायकी त्यांनी तपश्चर्येने घडविली. 1895 साली ते शाहू महाराजांच्या कोल्हापूर दरबारी रुजू झाले आणि महाराजांच्या निधनानंतर मुंबईस गेले. नाव जयपूरचे असले, तरी या गायकीस शिष्य आणि श्रोते लाभले ते मुख्यत्वे महाराष्ट्रात.

गैरसमज : संगीताची आवड उपजत असते.

वस्तुस्थिती : गर्भावस्थेच्या उत्तरार्धात बालकाला बाहेरचे ध्वनी ऐकू येऊ लागतात, त्यामुळे जन्मापूर्वीच संस्कारांस आरंभ होतो. बोलिव्हियातील त्सिमाने या आदिवासी समाजाविषयी 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, पाश्चात्त्य श्रोत्यांना कर्णकटू वाटणारे स्वरमेळ त्या लोकांना सुसंवादी स्वरमेळांइतकेच सुखद वाटतात. ज्यास आपण निसर्गदत्त गोडी समजतो, तिच्यात सहवासाचा वाटा असा मोठा असतो.

गैरसमज : विशीत जे आवडले, तेच जन्मभर आवडते.

वस्तुस्थिती : यात सत्याचा अंश अवश्य आहे. होलब्रुक आणि शिंडलर या अमेरिकन संशोधकांना 1989 साली असे दिसले की, आपल्या वयाच्या तेविशी-चोविशीच्या सुमारास गाजलेल्या गीतांकडे श्रोत्यांचा कल सर्वाधिक असतो. तथापि 2013 च्या एका अभ्यासात विशीतील विद्यार्थ्यांना आपल्या आईवडिलांच्या तरुणपणीची गाणीही प्रिय असल्याचे आढळले. म्हणजे घरात जे वाजते, त्याचाही वारसा चालतो. आणि सरासरी ही कोणा एकाची नियती नव्हे. 1910 साली जन्मलेले मल्लिकार्जुन मन्सूर नीलकंठबुवा मिरजकरांकडे ग्वाल्हेरची तालीम घेऊन नावारूपास आलेले असताना, प्रथम अल्लादियाखाँचे पुत्र मंजीखाँ आणि 1937 साली ते निवर्तल्यावर त्यांचे बंधू भुर्जीखाँ यांच्यापुढे पुन्हा विद्यार्थी होऊन बसले, आणि पुढे जयपूर गायकीचे अग्रणी ठरले.

गैरसमज : वय झाले की अभिजात संगीत आपोआप रुचू लागते.

वस्तुस्थिती : वार्धक्य फुरसत देते, समज देत नाही. उलट वयोमानाने उंच कंपनांचे ध्वनी ऐकण्याची शक्ती क्षीण होत जाते. जे वारंवार समोर येते ते प्रिय होऊ लागते, असे मानसशास्त्रज्ञ झायोंक यांनी 1968 साली दाखविले. मात्र अतिपरिचयाने वीटही येतो. बिहागडा किंवा संपूर्ण मालकंस यांसारखे अनवट राग आणि विलंबित त्रितालाचे दीर्घ आवर्तन पहिल्या श्रवणी हाती लागत नाहीत. सोळा मात्रांचा प्रवास करून समेवर येण्यातील आनंद पुनःपुन्हा लक्षपूर्वक ऐकल्यावरच उमगतो.

गैरसमज : नवी आवड म्हणजे जुन्या आवडीशी प्रतारणा.

वस्तुस्थिती : आई मोगूबाई कुर्डीकरांच्या हाताखाली जयपूर गायकीच्या कठोर तालमीत वाढलेल्या किशोरी आमोणकरांनी भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडूनही विद्या घेतली, 1964 साली ‘गीत गाया पत्थरों ने’ या चित्रपटासाठी शीर्षकगीत गायिले, 1990 सालच्या ‘दृष्टि’ला संगीत दिले, आणि तरीही ख्यालगायनावरील त्यांची निष्ठा ढळली नाही. अभिरुची वाढते ती पूर्वीच्या प्रेमास हद्दपार करून नव्हे, तर त्याच्या शेजारी नव्या प्रेमास जागा देऊन.

सारांश, रुची ही वंशपरंपरेने मिळालेली आणि कुलूपबंद ठेवावयाची इनामदारी नसून श्रवणाने मिळवावयाची व राखावयाची संपत्ती आहे. म्हणून वाचकांस विनंती अशी की, जे गाणे एकदा ऐकून रुक्ष वाटले, त्याविरुद्ध तत्काळ निवाडा देऊ नये. काही दिवसांनी ते पुन्हा ऐकावे, आणि घरातील मुलांनाही ऐकू द्यावे.